गोळ्या रोज घेऊनही रक्त वाढेना: निफाडच्या द्राक्षबागेतलं एक प्रकरण

नोव्हेंबरचा मध्य म्हणजे निफाड तालुक्यात विरळणीचे दिवस. ऑक्टोबर छाटणी उरकलेली असते, घड बाहेर पडलेले असतात आणि पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या टोळ्या बागांच्या शेडवर मुक्कामाला असतात. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची लोकसंख्या या दिवसांत एकदम फुगते आणि गरोदर मातांच्या यादीत नसलेल्या बाया बांधाबांधावर सापडतात. हे प्रकरण त्यातल्याच एकीचं. तिचं नाव इथे घेत नाही. वय २२, गाव सुरगाणा तालुक्यातला एक पाडा, दुसरं बाळंतपण, पहिला मुलगा जेमतेम दोन वर्षांचा. नवरा, ती आणि मुलगा असे तिघं पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या एका बागेत टोळीबरोबर आले होते. टोळीचा मुकादम नवऱ्याचा मामा, त्यामुळे सगळेच त्याला मामा म्हणत.

आशाताईंनी तिला केंद्रात आणलं ते चक्कर आली म्हणून. विरळणीचं काम मान वर आणि हात डोक्याच्या वर ठेवून होतं. मांडवाखाली उभं राहायचं, छोट्या कात्रीने घडातले जादा मणी काढायचे आणि पुढच्या झाडाकडे सरकायचं. सलग तीन-चार तास ते करताना धडधाकट माणसालाही गरगरतं. ही तर २३ आठवड्यांची गरोदर होती. डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी, जीभ गुळगुळीत, जिना चढताना धाप. वजन ४१ किलो. रक्तदाब १००/६४. हिमोग्लोबिन ८.१.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बायांना ॲनिमिया आढळला होता, म्हणजे जवळजवळ दर दुसरी बाई. म्हणूनच अशा आकड्याचं आम्हाला आश्चर्य वाटेनासं झालंय, आणि आश्चर्य संपलं की शोध थांबतो.

कार्ड जवळ नव्हतं. माता व बाल संरक्षण कार्ड पाड्यावर, पत्र्याच्या पेटीत. तिच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांना फोन लावला, त्यांनी रजिस्टर उघडून सांगितलं: ऑगस्टमध्ये दहाव्या आठवड्यात नोंद, हिमोग्लोबिन ९.४, पहिली तिमाही संपल्यावर लोहाच्या लाल गोळ्या दिवसाला दोन आणि कॅल्शियम सुरू केलं, टोळी निघायच्या आधी पुरेल इतका साठा बरोबर दिला. म्हणजे त्यांच्या बाजूने काम चोख होतं. मग ९.४ चे ८.१ कसे झाले?

आमच्याकडे या प्रश्नाचं एक तयार उत्तर असतं: बाई गोळ्या घेत नाही. ते बऱ्याचदा खरंही असतं. मळमळतं, शौचाला काळं होतं, गोळ्यांनी बाळ मोठं होऊन बाळंतपण अडतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि गोळ्या उशीखाली नाहीतर उकिरड्यावर जातात. केंद्रात तिच्या कागदावर पहिल्याच दिवशी तसा शेरा पडणार होता. तेवढ्यात आशाताईंनी तिला कॅरीबॅग दाखवायला सांगितली. आत दहा-दहा गोळ्यांच्या अकरा रिकाम्या पट्ट्या, रबर लावून ठेवलेल्या. रिकामी पट्टी दाखवली तरच नवी मिळेल असं घरच्या सिस्टरांनी बजावलं होतं, म्हणून तिने एकही फेकली नव्हती.

"घेते की मॅडम. रोज. पहाटं चहाबरोबर. सगळ्या एकदमच."

हिशेब जुळत होता. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून दिवसाला दोन धरल्या तर जवळपास तेवढ्याच गोळ्या होतात.

आता तिच्या दिवसाकडे बघू. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत राज्यात सगळ्यात खाली उतरतो ही दरवर्षीची बातमी आहे, पण नोव्हेंबरातल्या पहाटेही तिथे हाडं गोठवतात. पत्र्याची शेड, कडेला ताडपत्री. पाचला उठायचं, चूल पेटवायची, कोरा चहा उकळायचा. तो चहा घोटभर नसतो, पेलाभर असतो, चांगला कडक, त्यात शिळी भाकर बुडवून खायची. त्याच चहाबरोबर दोन लोहाच्या आणि एक कॅल्शियमची अशा तीन गोळ्या घशाखाली. दहाला मालकाकडून चहा येतो, तो मजुरीचाच भाग. एक वाजता जेवण, त्यावर पुन्हा चहा. चारला आणखी एक.

चहातले टॅनिनसारखे घटक आतड्यात लोहाला बांधून ठेवतात. जेवणाबरोबर कडक चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून अधिक घटू शकतं, आणि गोळीलाही तो फटका बसतो. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी पोटात गेलं की कॅल्शियम लोहाच्या आड येतं, म्हणून दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. तिने दोन महिने एकही दिवस न चुकवता गोळ्या घेतल्या होत्या आणि त्यातलं फारच थोडं लोह रक्तापर्यंत पोचलं होतं. कुणी तिला "चहाबरोबर घेऊ नको" असं सांगितलं नव्हतं का? सांगितलं असेलही. पण "रिकाम्या पोटी घे" हेही सांगितलेलं असतं, आणि तिच्या दिवसात रिकामं पोट फक्त पहाटे असतं, तेव्हा हातात चहाच असतो.

९.४ वरून ८.१ ची सगळी घसरण मात्र चहाच्या माथी मारता येत नाही. दुसऱ्या तिमाहीत रक्तातलं पाणी झपाट्याने वाढतं, तांबड्या पेशी त्या वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे आकडा थोडा खाली येणं स्वाभाविक आहे. शिवाय पहिलं मूल लहान, त्याचं अंगावरचं दूध सुटून फार दिवस झाले नव्हते. शरीरातला लोहाचा साठा दोन बाळंतपणांमध्ये भरून निघायला वेळच मिळाला नव्हता.

आणखी काय शोधलं

नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातली बाई आणि न वाढणारं हिमोग्लोबिन, म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणी हवीच. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली, पुढच्या तपासणीत ती वाहक निघाली, म्हणजे सदोष जनुक तिच्याकडे एकच होता. ही बातमी सांगताना फार जपावं लागतं, कारण 'सिकलसेल' शब्द कानावर पडला की पाड्यावर आजारी म्हणून शिक्का बसतो. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे आणि नुसत्या वाहकपणाने हिमोग्लोबिन आठावर येत नाही. तेव्हा लोहाची कमतरता हेच मुख्य कारण राहिलं, आणि रक्ताच्या नमुन्यातल्या लहान, फिकट पेशींनी त्याला दुजोरा दिला. नवऱ्याची चाचणी त्याच आठवड्यात केली. तो वाहक नव्हता. दोघंही वाहक असते तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असती. इथे बाळ फार तर वाहक होईल, आजारी नाही. हे तिला समजायला वेळ लागला नाही. नवऱ्याला लागला. "मग दोष हिच्याकडूनच आला ना?" असं त्याने विचारलं. मामांनी त्याला दटावलं, आम्हाला बोलायची वेळच आली नाही.

लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग सापडला. याचं कारण शेडवर कळलं. बागेत शौचालय मालकाच्या घराजवळ, शेडपासून लांब. बाया दिवसा आडोसा मिळत नाही म्हणून पाणीच पीत नव्हत्या. चहा सोडला तर दुपारी जेवताना एक पेला पाणी, बस. गरोदरपणात मूत्रमार्गाचा संसर्ग दुर्लक्षित राहिला तर तो मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि दिवस भरण्याआधीच कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. गरोदरपणात चालणारं प्रतिजैविक दिलं. पण नुसत्या औषधाने तो पुन्हा झाला असता. मालकीणबाईंशी बोलणं झाल्यावर त्यांनी विहिरीजवळच्या पंपघराला लागून ताडपत्रीचा आडोसा आणि पाण्याचा ड्रम करून दिला. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात झटपट झालेली गोष्ट तीच.

ती मशेरीही लावत होती, सकाळ-संध्याकाळ. तंबाखूने बाळाचं वजन कमी भरतं हे तिला सांगितलं. तिने मान हलवली.

जंतांसाठी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली, ती दुसऱ्या तिमाहीत चालते. मधुमेहासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासलेली साखर १०८, मर्यादा १४०, म्हणजे त्या बाजूने काळजी नव्हती. धनुर्वाताच्या लसीचा दुसरा डोस राहिला होता, तो दिला.

चहा तिथेच, गोळी हलवली

निफाडच्या थंडीत पहाटे पाचला कुणाला चहा सोडायला सांगण्यात अर्थ नाही. चार दिवस सोडेल, पाचव्या दिवशी गोळी सोडेल. म्हणून चहा होता तिथेच ठेवला आणि गोळ्यांच्या वेळा बदलल्या. लोहाची एक गोळी रात्री जेवून दोन तासांनी, झोपताना. रात्री शेडवर चहा होत नाही. दुसरी अकराला, दहाच्या चहानंतर तासाभराने आणि जेवणाआधी दोन तास, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. कॅल्शियम एक दुपारच्या जेवणाबरोबर आणि एक रात्रीच्या. आधी ती कॅल्शियमची एकच गोळी घेत होती, ठरलेल्या दोन नव्हे. अकराची आठवण कोण करणार? मामांच्या मोबाईलवर गजर लावला. मांडवाखालून तो ऐकू आला की सगळी टोळीच पाणी प्यायला थांबू लागली, हा अनपेक्षित फायदा.

जेवणाचं सांगताना आमची पत्रकं फार मागे पडतात. त्यांत सफरचंद, डाळिंब आणि बीट असतं. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं ही समजूत शिकलेल्या घरांतही घट्ट आहे, प्रत्यक्षात त्यात लोह बेताचंच. मालकाच्या आईने मायेने सांगितलं होतं की हंगाम सुरू झाला की द्राक्षं खा, रक्त होईल. द्राक्षात लोह नगण्य आहे. खायला हरकत नाही, पण फवारणीनंतर ठरलेले दिवस उलटलेला घड आणि तोही स्वच्छ धुऊन. तिला परवडणारं आणि आठवडे बाजारात मिळणारं असं होतं: मोड आलेली मटकी, हरभरे, दिवसाआड अंडं, सुकट, माठ-तांदुळजा आणि बांधावरच्या शेवग्याचा पाला. शेवगा मालकाच्याच बांधावर होता, फुकट. घरी ती नागलीची भाकर आणि उडदाचं वरण खायची. इथे आल्यावर टोळीचं जेवण भात-बटाट्यावर आलं होतं, कारण ते झटपट शिजतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कुठल्याच तपासणीत दिसत नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस, ताजा आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून राज्यात चालू आहे. सुरगाणा तालुका त्या क्षेत्रात येतो, निफाड येत नाही. म्हणजे जी बाई पाड्यावर राहिली असती तर भाकरी, भात, डाळ, भाजी आणि अंडं किंवा केळं एवढं ताट तिला मिळालं असतं, तीच बाई कामासाठी दोन तालुके ओलांडून आली की त्या ताटाला मुकते. नेमकं वरचा आहार सगळ्यात जास्त लागतो त्या महिन्यांत. निफाडच्या अंगणवाडीतून तिला घरी नेण्याचा कोरडा आहार मिळू शकत होता, तो सेविकेने नाव घालून सुरू केला. पण कोरडं पाकीट आणि समोर बसवून वाढलेलं जेवण यांत फरक आहे. पाकीट शेडवर गेलं की ते सगळ्यांचं होतं. मुलगा आधी खातो, मग नवरा, उरलं तर ती.

कामाचा प्रश्न सर्वांत अवघड होता. टोळीने बाग उक्ती घेतलेली, पैसे एकरावर, वाटणी माणशी. तिने काम सोडलं तर वाटा जातो. "आराम कर" हे पाच अक्षरांचं औषध लिहून देणं आम्हाला सोपं असतं, त्याची किंमत तिच्या घरातून जाते. मामांशी बोलणं झालं तेव्हा मी दोनच गोष्टी अडून मागितल्या. एक, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) आणि फवारणीच्या दिवशी ती त्या ओळींत नको, आणि फवारलेल्या बागेत लगेच जायचं नाही. दुसरी, हात वर करून सलग उभं राहायचं नाही. उरलेलं टोळीनेच ठरवलं. एक वयस्क बाई सगळ्यांचा स्वयंपाक करायची आणि पोरं सांभाळायची, ती विरळणीला गेली आणि ही स्वयंपाकाला आली. वाटा तोच.

कागदावर हे उत्तम वाटतं, पण चुलीचा धूर गरोदर बाईला चांगला नाही आणि स्वयंपाकाची म्हणजे पाण्याची जबाबदारी आली. विहिरीवरून हंडे वाहणं विरळणीपेक्षा हलकं कुठे? पाणी नवऱ्याने कामाआधी भरून ठेवायचं ठरलं आणि तो ते नेमाने करत राहिला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. धुराचं काही जमलं नाही. चूल ताडपत्रीच्या बाहेर काढली एवढंच.

डिसेंबरच्या मध्याला, २७ आठवडे पूर्ण झाल्यावर, हिमोग्लोबिन ८.८. चढलं, पण पुरेसं नाही. योग्य उपचार पोटात जात असेल तर महिन्याला साधारण १ ग्रॅम वाढ अपेक्षित असते. इथे आमच्यात मतभेद झाले. सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की सुधारणा आहे, आणखी महिनाभर गोळ्यांवर थांबू. मला थांबायचं नव्हतं. प्रसूतीला बारा-तेरा आठवडे उरले होते, हंगाम ऐन भरात येणार होता आणि टोळी दुसऱ्या बागेवर गेली तर ती पुन्हा हातातून सुटणार होती. ८.८ वर प्रसूतीत थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी अशा बाईकडे राखीव काही नसतं. तालुक्याच्या रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज ५०० मिलिग्रॅम, सलाईनमधून, आठवड्याच्या अंतराने दोन वेळा. तिचं वजन बघता एकदम १००० देणं योग्य नव्हतं. दोन्ही वेळा नंतर अर्धा तास निरीक्षणाखाली ठेवलं, काही त्रास झाला नाही. जाण्या-येण्याला गाडी मोफत मिळाली, तरी नवऱ्याची दोन दिवसांची मजुरी बुडाली.

जानेवारीच्या अखेरीस, ३४ व्या आठवड्यात, हिमोग्लोबिन १०.३ आणि वजन ४६.५ किलो. लघवी स्वच्छ. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ तपासणी असते, फेब्रुवारीच्या तपासणीत बाळाची वाढ आणि डोकं खाली असल्याचं पाहून झालं.

बाळंतपण कुठे करायचं यावर मात्र बरीच चर्चा झाली. तिला घरी जायचं होतं, सासू-आई तिकडे. माझा विरोध घरी जाण्याला नव्हता, तो ३८ व्या आठवड्यात पिकअपच्या हौद्यात बसून घाटातून जाण्याला होता. एकतर फेब्रुवारीतच १०२ च्या रुग्णवाहिकेने किंवा एसटीने जा, नाहीतर इथेच बाळंत हो, असं सांगितलं. तिने तिसराच मार्ग काढला: आईला बोलावून घेतलं. म्हातारी शेडवर आली आणि आल्या आल्या चूल तिने हाती घेतली.

मार्चमध्ये, द्राक्षांची तोडणी जोरात असताना, रात्री कळा सुरू झाल्या. १०२ आली. तालुक्याच्या रुग्णालयात साधी प्रसूती, मुलगी, वजन २.७ किलो. नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबून कापली, त्यामुळे बाळाला जादा रक्त आणि लोह मिळतं. रक्तस्राव मर्यादेत राहिला. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ९.६. पुढचे १८० दिवस लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या होत्या. दुसरं अपत्य मुलगी असल्याने मातृवंदना योजनेतले ६००० रुपये मिळणार होते, त्याचा अर्ज आशाताईंनी तिथेच भरून घेतला. दोन बाळंतपणांत अंतर राखण्यासाठी तांबीपेक्षा इंजेक्शन बरं वाटलं, कारण तांबीने पाळीत जास्त रक्त जाऊ शकतं आणि हिच्याकडे घालवायला रक्त नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला टोळी सुरगाण्याला परतली. निघण्यापूर्वी सगळ्या नोंदींचे फोटो तिच्या नवऱ्याच्या आणि मामांच्या मोबाईलमध्ये टाकले आणि घरच्या सिस्टरांना फोन करून सगळं सांगितलं. सहाव्या आठवड्यात तिने उपकेंद्रात तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन घेतलं. त्या दिवशी हिमोग्लोबिन १०.९ होतं. गोळी अजून रात्रीच घेते. मशेरी मात्र सुटलेली नाही. दिवसात दोनदाची एकदा झाली असं ती सांगते, तेव्हा शेजारी बसलेली सासू हसते, असं सिस्टर फोनवर म्हणाल्या.